साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा गोल्फ कोर्स कसा पारखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मडगावात गोल्फबद्दल बोलणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक बोट माझं, म्हणून ओळखीपाळखीतले प्रश्न फिरून फिरून माझ्याकडेच येतात. कुणाचा मुलगा पोर्तुगालला असतो, कुणी निवृत्तीनंतर खेळायला लागलेला असतो, कुणी परदेशातला एखादा नावाजलेला कोर्स खेळून येतो आणि विचारतो, "एवढं नाव कशाचं हो त्याचं?" तीच तीच उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून काढली.

नेमका कुठला काळ म्हणताय तुम्ही?

दुसरं महायुद्ध संपलं त्या 1945 पासून साधारण 1975 पर्यंतचा. त्याआधी मंदी आणि युद्ध यांत पंधरा वर्षं गेली. नवे कोर्स फारसे झाले नाहीत, असलेले काही मोडले. स्कॉटलंडच्या टर्नबेरीवर विमानांची धावपट्टी झाली होती. ती उखडून मॅकेन्झी रॉसने कोर्स पुन्हा उभा केला आणि 1951 मध्ये तो खुला झाला.

युद्धानंतर तीन गोष्टी हाती आल्या: माती हलवणारी अवजड यंत्रं, स्प्रिंकलरचं मुबलक पाणी आणि 1950 च्या दशकात खेळाडूला वाहून नेणारी कार्ट. त्याआधी बहुतेक काम घोडे, खेचरं आणि फावडी यांच्या बळावर चालायचं. टेकडी मध्ये आली तर होल (म्हणजे पहिल्या फटक्यापासून भोकापर्यंतची खेळायची वाट) वळायचं, टेकडी हलायची नाही. यंत्र आल्यावर टेकडीला विचारायचं कारण उरलं नाही.

आपल्याकडे नवं काही करायचं तर आधी देवाला कौल लावतात. या काळातला कोर्स पाहताना माझं लक्ष तिथेच असतं. बांधणाऱ्याने जमिनीला कौल लावला होता, की परस्पर मुहूर्त धरला? यंत्र हाताशी असूनही ज्याने विचारलं, त्याचा कोर्स आज उभा आहे.

गोव्यात त्या काळातला नावाजलेला कोर्स नाही. मग आपण ही उठाठेव कशाला करायची?

बरोबर आहे. इंग्रज जिथे गेले तिथे गोल्फ घेऊन गेले. कोलकात्याचा क्लब 1829 चा, पुण्याचा 1886 चा. आपल्याकडे 19 डिसेंबर 1961 पर्यंत पोर्तुगीज होते, आणि त्यांच्या काळात आपल्या पायांत फुटबॉल आला. मोबोरचा 12 होलचा, वार्क्याचा 9 होलचा किंवा काणकोणात राजबागचा 9 होलचा कोर्स ही सगळी पर्यटन वाढल्यावर हॉटेलांच्या आवारात आलेली पिल्लं.

पण या पिल्लांची आई तीच. हॉटेल बांधा, सोबत कोर्स करा, मधे तळं खणा, खजुराची झाडं लावा, हा सगळा नमुना त्या तीस वर्षांत घडला. दुसरं कारण पोर्तुगालमधलं पेनिना. त्यावर खाली सविस्तर लिहिलं आहे, कारण तो कोर्स गोंयकाराइतका कुणालाच कळणार नाही असं माझं मत आहे.

ट्रेंट जोन्स म्हणजे तोच का, ज्याने 1930 मध्ये चारही स्पर्धा जिंकल्या?

नाही. हा घोटाळा दर वेळी होतो. जिंकणारा बॉबी जोन्स, अटलांटाचा वकील. बांधणारा रॉबर्ट ट्रेंट जोन्स, 1906 मध्ये इंग्लंडात जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला. आणखी गोंधळ व्हावा म्हणून की काय, दोघांनी मिळून अटलांटातच पीचट्री नावाचा कोर्स केला, 1948 मध्ये. या काळातल्या चर्चेत नुसतं "जोन्स" म्हटलं की ट्रेंट समजायचा. जगभर शेकडो कोर्स त्याच्या नावावर आहेत, तेव्हा काळाची पारख करताना त्याला वळसा घालता येत नाही.

कोर्स कठीण आहे, म्हणजे चांगला असणारच ना?

हा समज 1951 मध्ये पसरला आणि अजून गेलेला नाही. त्या वर्षीची यूएस ओपन डेट्रॉइटजवळच्या ओकलंड हिल्सवर होती. मूळ कोर्स डोनाल्ड रॉसचा, 1918 चा. खेळाडू आता जुन्या बंकरांवरून, म्हणजे वाळूच्या सापळ्यांवरून, सहज चेंडू उडवत होते, म्हणून जोन्सला बोलावलं. चांगल्या खेळाडूचा चेंडू जिथे पडतो, तिथे त्याने फेअरवेच्या (मधल्या कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या) दोन्ही अंगांना नवे बंकर घातले आणि कंबर आवळली. पार, म्हणजे निष्णात खेळाडूला लागावेत तेवढे फटके, होती 70. अख्ख्या स्पर्धेत त्याच्या खाली दोनच फेऱ्या गेल्या: बेन होगनची शेवटची 67 आणि क्लेटन हेफ्नरची 69. होगनचे एकूण फटके झाले 287, म्हणजे पारवर सात, आणि तरी तो जिंकला. या राक्षसाला गुडघ्यावर आणलं, अशा अर्थाचं तो बक्षीस समारंभात बोलला. मग काय, प्रत्येक क्लबला आपल्या अंगणात एक राक्षस हवासा झाला.

परीक्षा म्हणून ते काम अव्वल होतं, यात वाद नाही. पण परीक्षा वर्षातून एकदा असते आणि कोर्सवर माणसं रोज खेळतात. दोन्ही बाजूंना बंकर आणि मधे चिंचोळी वाट, तर खेळाडूपुढे प्रश्नच उरत नाही, हुकूम उरतो. आता उलट पाहा. डावीकडे मोकळी जागा, पण तिथून ग्रीनचं, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीचं, तोंड अवघड. उजवीकडे बंकरला घासून गेलात तर पुढचा फटका सोपा. इथे तुम्हाला ठरवावं लागतं, आणि वाऱ्याप्रमाणे ते रोज वेगळं ठरतं. म्हणून बंकर किती आहेत ते मी मोजत नाही. एक बंकर टाळल्याची किंमत कुठे मोजावी लागते ते पाहतो. कुठेच मोजावी लागत नसेल, तर तो बंकर नुसता खड्डा.

"पार कष्टाची, बोगी सोपी" हे जोन्सचं तत्त्व खरंच पाळलं जातं का?

कागदावर तत्त्व छान आहे. निष्णात खेळाडूला पार मिळवायला घाम गाळावा लागेल, आणि साध्या खेळाडूला एक फटका जास्त घेऊन सुखाने घरी जाता येईल. पाळलंय की नाही हे ओळखायला एकच उपाय: तुमच्यातल्या सगळ्यात कच्च्या गड्याच्या मागे मागे चाला. ग्रीनच्या पुढ्यात, पूर्ण रुंदीला आडवं पाणी असेल, तर त्याची बोगी सोपी कशी? त्याचे तीन चेंडू पाण्यात, वर चवथा कुणाचा तरी उसना. पाणी तिरकं असेल, एका बाजूने वळसा घालून तिसऱ्या फटक्यात पोचता येत असेल, तर तत्त्व पाळलं म्हणायचं.

बाल्टसरॉलची गोष्ट इथे हमखास सांगितली जाते. 1954 च्या यूएस ओपनआधी जोन्सने तिथलं चौथं होल पाण्यापलीकडचं केलं. सभासद म्हणाले, हे फार अवघड झालं. जोन्स स्वतः टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, उभा राहिला, एक फटका मारला आणि चेंडू थेट भोकात. होल रास्तच आहे, असं म्हणून तो मोकळा झाला. गोष्ट झकास आहे. पुरावा म्हणून तिची किंमत शून्य! एकदा मटका लागला म्हणून मटका हा चांगला धंदा ठरत नाही.

टी एवढे लांबलचक का असतात?

एकाच टीवरून सगळ्यांना सोय व्हावी म्हणून. मागचा भाग स्पर्धेसाठी, पुढचा सभासदांसाठी, आणि गवत कापायचं यंत्र सरळ फिरवता येतं. दिसायला धावपट्टीच. कल्पना सोयीची आहे, पण सगळे टी एका रेषेत असले की सगळ्यांना तोच कोन मिळतो, फक्त अंतर बदलतं. यासाठी गुण कापावेत, पण अर्धाच.

ग्रीनचं काय? जुन्या ग्रीनवर चेंडू थांबतच नाही, अशी तक्रार ऐकतो.

तक्रार खरी असते, पण आरोपी चुकीचा. ग्रीनचा वेग मोजायची पट्टी, स्टिम्पमीटर, एडवर्ड स्टिम्पसन या गृहस्थाने 1935 मध्ये बनवली. अमेरिकन गोल्फ संघटनेने ती सुधारून कोर्सांना दिली ती मात्र 1978 मध्ये. त्या सुमारास पाहणी झाली तेव्हा साधारण कोर्सवर चेंडू साडेसहा फुटांच्या आसपास घरंगळत होता. आज मोठ्या स्पर्धेत 11-12 फूट सर्रास. म्हणजे 1960 च्या ग्रीनला जो उतार दिला, तो त्या काळच्या हळू गवतासाठी दिला होता. बैलगाडीच्या घाटावर आपण मोटारसायकल घालतो आणि वळणाला शिव्या देतो, तसलाच प्रकार.

आणि उष्ण प्रदेशातलं हे गवत कुठलं, ठाऊक आहे? बर्म्युडा. म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. जॉर्जियातल्या टिफ्टन गावी ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाने हरळीचा आफ्रिकेतल्या तिच्या एका बारीक पानाच्या बहिणीशी संकर केला. त्यातून 1956 मध्ये टिफग्रीन आणि 1965 मध्ये टिफड्वार्फ आली. उष्ण प्रदेशात ग्रीन गुळगुळीत झाली ती या पोरींमुळे. आमच्या अंगणातल्या हरळीला हे सांगून उपयोग नाही, ती तुळशीवृंदावनाच्या फटीतूनच वर येणार.

पारखायचं ते असं. मोठ्या ग्रीनला जोन्सच्या पद्धतीत तीन-चार खोल्या असतात, प्रत्येक खोलीत झेंडा लावता येतो. चुकीच्या खोलीत चेंडू पडला, तर ग्रीनवरच्या दोन फटक्यांत संपवायला कसब लागतं. हे चांगलंच. पण झेंड्याच्या आजच्या जागा मोजा. आठपैकी तीनच जागा वापरात असतील, तर वेगापायी क्लबने स्वतःच पाच जागांना कुलूप लावलंय. दोष नकाशाचा नाही, कात्रीचा आहे.

ग्रीनखालचंही पाहावं, म्हणजे विचारावं. 1960 मध्ये अमेरिकन संघटनेने ग्रीन बांधायची पद्धत छापली: खाली नळ्या, वर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळूचं मिश्रण. त्याआधीची बरीच ग्रीनं नुसती माती चोपून केलेली. पाऊस पडल्यावर फरक आपोआप कळतो.

पेनिना, पेनिना म्हणता, ते प्रकरण काय?

पोर्तुगालच्या दक्षिणेला, पोर्तिमावजवळ, 1966 मध्ये हेन्री कॉटनने हा कोर्स केला. कॉटन म्हणजे ब्रिटिश ओपन तीनदा जिंकलेला इंग्रज: 1934, 1937 आणि 1948. जमीन मिळाली ती कसली, तर भातशेतीची. सपाट, सखल, पाण्याने तुडुंब. अल्गार्व्ह या दक्षिण भागातला हा पहिला मोठा कोर्स. तिथला आजचा सगळा गोल्फचा धंदा त्यामागून आला.

भाच्याच्या मेहेरबानीने एका फेब्रुवारीत मी तिथे गेलो. त्यांचा पाऊस हिवाळ्यात असतो, त्यामुळे जमीन अगदी आपल्या सप्टेंबरसारखी, बुटाखाली चुबुक चुबुक करणारी. भाचा मला झाडं दाखवत होता, आणि मी चर बघत होतो. पाणी कुठल्या चरातून कुठल्या चरात जातं, कुठे तुंबतं, कुठे वळवलंय. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की मी चक्क मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, शोधतोय! सासष्टीत खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतीच्या) बांधावर वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? भरतीला आपोआप मिटणारी आणि ओहोटीला उघडणारी ती लाकडी दारं इथे नव्हती. पण सपाट जमिनीत पाण्याला वाट करून द्यायची, हे गणित तेच.

कॉटनने ते कसं सोडवलं? टी आणि ग्रीन उचलून घेतली, चर खणले, आणि जमीन सुकावी म्हणून झाडं लावली, लाखांच्या हिशेबात. निलगिरीसारखी पाणी पिणारी झाडं मुद्दाम निवडली. म्हणजे ती झाडं शोभेची नव्हती, पंप होती. हे समजलं की कोर्स वेगळाच दिसायला लागतो. एरवी "झाडं फार, वाट अरुंद" म्हणून नाक मुरडणारा मी, इथे प्रत्येक रांगेमागचं कारण विचारत गेलो. चर तर आणखी गमतीचे. मुळात निचऱ्यासाठी, पण कित्येक ठिकाणी खेळाडूला विचार करायला लावतील असे.

दोष नाहीत असं नाही. सपाट ते सपाटच. दोन-चार होलं घरी आल्यावर आठवेनात, एकमेकांत मिसळून गेली. झाडं साठ वर्षांत एवढी वाढली की काही ठिकाणी वाकडा फटका म्हणजे थेट कोठडी, चूक सुधारायची संधीच नाही. लावताना ती कंबरेएवढी होती हे कोर्स पारखताना लक्षात ठेवावं लागतं. तरी माझा कौल पेनिनाच्या बाजूने. भातशेतीवर स्कॉटलंड उभं करायचा हट्ट कॉटनने धरला नाही. पाण्याशी व्यवहार केला.

आणि हो, त्याच्याकडे पासिफिको नावाचं गाढव होतं. ते कॅडीचं, म्हणजे खेळाडूची पिशवी वाहायचं, काम करायचं. पर्यटक गोल्फ विसरून गाढवाचे फोटो काढायचे म्हणे.

खडकावर बांधलेल्या कोर्सना काय निकष लावायचे? आपल्या कातळाच्या सड्यावर होईल का तसं?

हवाईत मौना केआ नावाचा कोर्स आहे, जोन्सचा, 1964 चा. तिथे मातीच नव्हती, थिजलेला लाव्हा होता. तो फोडून, चुरून त्याचीच माती केली. तिसरं होल समुद्राच्या खाडीवरून पलीकडे मारायचं. यंत्राच्या काळातलं हे खणखणीत काम, आणि इथे मी कौलाचा हट्ट सोडतो, कारण लाव्हा कुणालाच कौल देत नाही.

सड्याचं विचाराल तर चिरा फोडता येतो, हे प्रत्येक खाणीवाल्याला ठाऊक आहे. प्रश्न पाण्याचा आहे. पुढचं वाचा.

कोर्स किती पाणी पितो, हे गुणांमध्ये धरायचं का?

धरायचं. तेव्हा कुणी धरत नव्हतं, एवढंच. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर फिरतात. तेव्हा बारमाही हिरवळ हा आपल्याकडे सौंदर्याचा नव्हे, भांडणाचा विषय होतो. तेरेखोलच्या गोल्फ प्रकल्पावरून काय झालं, ते सगळ्यांनी पाहिलंय: कुळांची जमीन, गावकऱ्यांचा विरोध, कोर्टकचेऱ्या. मी स्वतः गोल्फ खेळतो, आणि तरी त्या गावकऱ्यांचं म्हणणं मला समजतं.

खेळापुरतं बोलायचं तर जास्त पाणी खेळही बिघडवतं. ओल्या फेअरवेवर चेंडू पडला तिथेच रुततो. मग उतार, चढ, ग्रीनसमोरची मोकळी वाट, सगळं निकामी. 1950-60 च्या दशकात सगळं हवेतून मारायची सवय लागली ती थोडी स्प्रिंकलरमुळेच. असा कोर्स कोरड्या दिवसांत, नळ बंद असताना खेळून पाहा. तेव्हा तो जास्त मजेदार वाटला, तर हाडं चांगली आहेत.

एखाद्या कोर्सवर मोठ्या खेळाडूने टीका केली, तर ती मानायची का?

ऐकायची, मानायची घाई करायची नाही. मिनेसोटाचा हेझेल्टिन जोन्सने 1962 मध्ये केला. 1970 च्या यूएस ओपनला तिथे वारा सुटला आणि जॅक निक्लॉससारख्याची पहिली फेरी 81 झाली. डेव्ह हिल पत्रकारांना म्हणाला, इथे 80 एकर मका आणि चार गाईंचीच काय ती उणीव आहे. त्याला 150 डॉलर दंड झाला. गंमत म्हणजे तो दुसरा आला. जिंकला टोनी जॅकलिन, सात फटक्यांनी, आणि पारच्या खाली तो एकटाच.

हिलचं चुकलं का? पूर्ण नाही. टीवरून पुढचं काही दिसत नाही अशी वळणं तिथे फार होती. क्लबने पुढे कोर्स बराच बदलला, 1991 ला यूएस ओपन परत आली आणि 2016 ला रायडर कपही झाला. टीका तोंडाळ होती, पण कामाला आली. पण पहिल्या आठ वर्षांत कुठलाही कोर्स पिकत नाही. झाडं यायची असतात, माती बसायची असते.

जोन्स सोडून कुणी नव्हतंच का?

होते की. डिक विल्सन. मला विचाराल तर मी त्याला जोन्सच्या वर बसवतो. फ्लोरिडाच्या सपाट जमिनीत त्याने ग्रीन किंचित उचलून, बंकर तिरके लावून पाइन ट्री केला, 1962 मध्ये. तो 1965 मध्ये गेला, म्हणून नाव मागे पडलं. पीट डायने 1969 मध्ये साउथ कॅरोलायनात हार्बर टाउन केला: छोटी ग्रीनं, लाकडी फळ्या, लांबीपेक्षा नेम. जोन्सच्या भव्यपणाला ते सरळ सरळ उत्तर होतं.

आपल्या देशात पीटर थॉमसन. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला ऑस्ट्रेलियन, 1964 ची पहिली इंडियन ओपनही त्याचीच. दिल्लीच्या लोदी कोर्सची फेररचना त्याने 1970 च्या दशकात केली. मकबरे, मोर आणि दोन्ही बाजूंना दाट झुडुपं. तिथे ड्रायव्हर (लांब फटक्याची काठी) पिशवीतच ठेवणारा माणूस सुखी असतो.

जुने कोर्स मूळ रूपात परत आणायची लाट आहे. जोन्सचं काम पुसलं जातंय, ते बरं की वाईट?

ओकलंड हिल्सवर तेच झालं. गिल हान्सने जोन्सचे थर काढून रॉसचा कोर्स वर आणला, 2021 मध्ये तो पुन्हा खुला झाला. तिथे ते योग्यच, कारण खाली रॉस होता. पण जिथे जोन्सच मूळ आहे, तिथे 1920 चा मुखवटा चढवण्यात काय हशील? चिऱ्याच्या घराला संगमरवरी खांब लावल्यासारखं दिसतं ते. आमच्या वाड्यावर आहे तसं एक.

क्रमवारीच्या याद्या बघाव्यात का?

बघाव्यात. लोणच्याइतपत.

पावसाळ्यात कोर्स बघायला जाऊ नये म्हणतात. खरं का?

खेळायला जाऊ नये. बघायला पावसाळ्यासारखा दिवस नाही. दोन वर्षांपूर्वी जुलैमध्ये इथल्याच एका हॉटेलच्या कोर्सवर होतो. सर थांबली तशी कॅडीने छत्री मिटली. काणकोणचा पोरगा, विशीतला असेल. चौथ्या होलच्या ग्रीनवरून पाणी तीन बारीक ओघळांनी उतरत होतं, छान, मुद्दाम काढल्यासारखं. पण फेअरवेच्या मधोमध, शोभेच्या उंचवट्याला टेकून, चांगलं गुडघाभर खोल, लांबरुंद डबकं. माझा चेंडू त्यातच. मी म्हटलं, एवढा खर्च करून निचरा कसा नाही केला यांनी?

त्याने झेंड्याच्या काठीने वरच्या माडांकडे दाखवलं, तिथून सरळ रेष ओढत डबक्यापर्यंत आणली आणि पुढे समुद्राकडे नेली. "हांगा व्हाळ आशिल्लो, सायबा. दर पावसांत परत येता." इथे ओढा होता, तो दर पावसात परत येतो.

मग पँट वर करून तो आत उतरला, चाचपडून चेंडू काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला. नियमाप्रमाणे दंड नव्हता. मी तो कोरड्या जागी टाकला.